डास घरातला, नाली गावाची

पावसाळा तोंडावर आला की भंडारा जिल्ह्यातील ग्रामपंचायतींच्या व प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर जुनीच वाक्ये नव्या रंगाने उमटतात. घर व परिसर स्वच्छ ठेवा, पाणी साचू देऊ नका, आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा, मच्छरदाणी वापरा. यांतील एकही वाक्य खोटे नाही. परंतु ही सारी वाक्ये आज्ञार्थी आहेत, आणि आज्ञा करणारा कोण व पाळणारा कोण हे एकदा नीट पाहिले म्हणजे त्यांच्यामागचे राजकारण उघड होते. घर स्वच्छ ठेवायचे ते दिवसभर धानाच्या बांधीत किंवा विटाभट्टीवर राबून सायंकाळी परतणाऱ्या बाईने. पाणी साचू द्यायचे नाही ते तिने. मच्छरदाणी विकत आणायची तीही तिनेच. नाली बांधीन, बांधलेली नाली उपसत राहीन, नळाला रोज पाणी देईन, असे शासनाने स्वतःविषयी काही म्हटलेले त्या भिंतीवर कोठेही आढळत नाही. डास, उंदीर, ढेकूण, झुरळ हे उंबऱ्याच्या आतले शत्रू आणि त्यांचा बंदोबस्त म्हणजे गृहकृत्य, ही समजूत अशा रीतीने रंगाच्या डब्यातून वर्षानुवर्षे पोसली गेली आहे. ती शास्त्रदृष्ट्या अपुरी आहे आणि कष्टकरी वर्गाला ती फार महाग पडली आहे.

याचा पुरावा शोधण्यासाठी जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. पूर्व विदर्भातील इतर जिल्ह्यांप्रमाणे भंडारा हा हत्तीरोगाचा जुना जिल्हा आहे. हत्तीरोगाचे जंतू माणसाच्या रसवाहिन्यांत राहतात, तेथे ६ ते ८ वर्षे जगतात आणि लाखो सूक्ष्म अळ्या रक्तात सोडतात. या अळ्या दिवसा अंतर्गत अवयवांत दडून असतात व रात्री बाहेरच्या रक्तप्रवाहात येतात. म्हणूनच आरोग्य खात्याचे रक्त तपासणी पथक गावात रात्रीच येते. रात्री चावणारा क्युलेक्स डास त्या अळ्या उचलतो आणि दुसऱ्याच्या अंगात पोचवतो. मलेरियाला एक दंश पुरतो. हत्तीरोग जडण्यासाठी मात्र महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे, शेकडो दंश व्हावे लागतात. या एका वस्तुस्थितीतच रोगाचे वर्गचरित्र सामावले आहे. खिडक्यांना जाळ्या, डोक्यावर पंखा आणि पलंगावर मच्छरदाणी असलेल्या माणसाला डास कधीमधी चावतो. कवेलूच्या छपराखाली, नालीला लागून असलेल्या खोलीत, उकाड्यामुळे दार उघडे टाकून जमिनीवर झोपणाऱ्या कुटुंबाला तो प्रत्येक रात्री चावतो. रोगाची निवड अशी घराच्या भिंतींनी केलेली असते.

सुजलेल्या पायाची कहाणी येथेच संपत नाही. हा रोग मारत नाही, म्हणून मृत्यूच्या नोंदीत तो दिसत नाही आणि विधिमंडळात त्यावर गदारोळ होत नाही. तो माणसाला कामातून उठवतो. सुजलेल्या पायाच्या कातडीला भेगा पडतात, भेगांतून जंतू शिरतात, थंडी वाजून ताप भरतो आणि पाय आगीसारखा जळतो. असा झटका आला की चार-सहा दिवसांची मजुरी बुडते, आणि असे झटके वर्षातून अनेकदा येतात. पाय रोज साबणाने धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, पाय उंच ठेवून बसल्यास हे झटके टळतात, असे वैद्यकशास्त्र सांगते. सल्ला अचूक आहे. परंतु रोवणीच्या हंगामात गुडघाभर चिखलात दिवसभर उभ्या असलेल्या बाईने पाय कोरडा कसा ठेवावा आणि उंच ठेवून कोठे बसावे, हे कोणत्याही पत्रकात लिहिलेले नाही. पुरुषांना अंडवृद्धी होते; ती शस्त्रक्रियेने बरी होऊ शकते आणि शासकीय रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत आहे. तरीही लाजेपोटी व मजुरी बुडण्याच्या भीतीपोटी कित्येक जण ते ओझे आयुष्यभर वागवतात.

आता डास कोठे जन्मतो ते पाहू. लोक ‘मच्छर’ या एकाच नावाने ज्यांना ओळखतात त्या तीन डासांना तीन वेगवेगळी पाणी लागतात. मलेरियाचा अ‍ॅनोफिलीस धानाच्या बांध्या, ओढे, डबकी यांतील स्वच्छ पाण्यात वाढतो. डेंग्यूचा एडिस घरातल्या रांजणात, टाकीत, टाकलेल्या टायरात अंडी घालतो. हत्तीरोगाच्या क्युलेक्सला घाण पाणी लागते: तुंबलेली नाली, सांडपाण्याचा खड्डा, संडासाची टाकी. अंड्यापासून पंख फुटलेला डास तयार होण्यास उन्हाळ्या-पावसाळ्यात साधारण आठ-दहा दिवस लागतात. कोरडा दिवस आठवड्यातून एकदा पाळावयाचा तो याचसाठी. रांजण कोरडा करणे घरच्या माणसांच्या हातात आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु रांजण का भरून ठेवावा लागतो, हाही प्रश्न विचारला पाहिजे. ज्या वस्तीत नळाला दिवसाआड पाणी येते, तेथे पाणी साठवणे हा गृहिणीचा आळस नसून दूरदृष्टी असते. आणि क्युलेक्सच्या बाबतीत तर घराचा संबंध जवळजवळ नाहीच. घर कितीही सारवले, पुसले, झाडले तरी तीस पावलांवरची नाली तुंबलेली असेल तर त्या घरात रात्री डास येणारच. क्युलेक्स एक-दोन किलोमीटर सहज उडतो. मालमत्तेच्या सीमा आणि जातींचे मोहल्ले तो मानीत नाही. मात्र नाली कोठे बांधली जाते आणि कोठे संपते, हे त्या सीमा नक्कीच ठरवतात. गावाची नाली बहुधा जेथे संपते व उघड्यावर पसरते, ती जागा कोणत्या वस्तीलगत असते हे खेड्यातील कार्यकर्त्याला सांगावयास नको.

संडासाच्या टाकीचा मुद्दा येथे थोडा विस्ताराने मांडणे आवश्यक आहे, कारण त्यात एका गाजलेल्या योजनेचे विपरीत फळ दडलेले आहे. २०१८ साली ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली. घरोघरी संडास झाले ही चांगलीच गोष्ट घडली. तिची टवाळी करणे समाजवाद्याला शोभणारे नाही. परंतु संडासाखाली काय बांधले गेले? दोन शोषखड्ड्यांचा संडास स्वस्त, टिकाऊ आणि पाणी जमिनीत जिरवणारा असतो, असे शासनाचेच मार्गदर्शन होते. प्रत्यक्षात अनेकांनी सेप्टिक टँक बांधले, त्यांचे सांडपाणी उघड्या नालीत सोडले, आणि टाकीतील वायू बाहेर जाण्यासाठी जी नळी उभी केली तिचे तोंड उघडेच ठेवले. त्या नळीतून डास आत उतरतो, काळोख्या, उबदार, घाण पाण्यात अंडी घालतो आणि त्याच वाटेने त्याची प्रजा बाहेर पडते. नळीच्या तोंडाला हातभर जाळी किंवा जुन्या कापडाचा तुकडा घट्ट बांधला की ही वाट बंद होते. एवढ्या क्षुल्लक कामासाठी ना यंत्र लागते ना तज्ज्ञ. अनुदानाचा हप्ता देण्यापूर्वी संडासाचे छायाचित्र आवर्जून मागणाऱ्या यंत्रणेने त्या नळीवर जाळी असलीच पाहिजे अशी अट घातली असती, तर जिल्ह्यातील डासांची हजारो सूतिकागृहे त्या वेळीच बंद झाली असती.

आणि घाण पाणी केवळ गावाचेच असते असेही नाही. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येते आणि गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात साठते. या धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. त्यासाठी भंडारा जिल्ह्यातील गावांनी जमिनी व घरे दिली. ज्यांना उठवले त्यांना नव्या गावठाणात १८ नागरी सुविधा देण्याचे बंधन आहे, आणि बांधीव गटारे त्या यादीत आहेत. शहराने आपली घाण नदीत सोडावी, नदीकाठच्या माणसाने आपले घर सोडावे, आणि नव्या घरातल्या डासांबद्दल त्यालाच स्वच्छतेचे धडे द्यावेत, हा न्याय अजब आहे.

हत्तीरोगाच्या सरकारी कार्यक्रमाचा इतिहासही बोलका आहे. राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला. गोळ्या सरसकट वाटायच्या आणि डी.डी.टी. फवारायची असा त्याचा बेत होता. काही वर्षांतच झालेल्या मूल्यमापनात हा बेत फसल्याचे आढळले: क्युलेक्स कीटकनाशकाला दाद देत नव्हता आणि लोक गोळ्या घेत नव्हते. त्यानंतर डासअळ्या नष्ट करण्याचे काम मुख्यतः शहरांपुरते मर्यादित झाले, आणि खेडी दशकानुदशके बाजूला राहिली. पुढे २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१५ पर्यंत हत्तीरोगाचे उच्चाटन करण्याचे ठरवले. ती तारीख टळल्यावर २०१७ च्या अर्थसंकल्पी भाषणात त्याच वर्षाचे आश्वासन दिले गेले. मग २०२१ आले. आता २०२७ हे साल सांगितले जाते. पंचांगातला मुहूर्त टळला की दुसरा काढावा, तशी ही तारीख पुढे सरकत आली आहे. दरम्यान २००४ पासून वर्षातून एकदा गोळ्या वाटण्याची मोहीम चालते. या गोळ्या रक्तातील सूक्ष्म अळ्या मारतात व त्या कोणीही टाळू नयेत. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी सोडून सर्वांनी त्या घेणे हिताचे आहे. परंतु ज्यांच्या हातून त्या घरोघर पोचतात त्या आशा कार्यकर्तींना शासन कामगार मानावयास तयार नाही. त्या स्वयंसेविका, आणि त्यांचे वेतन म्हणजे मोबदला! २०२३ व २०२४ मध्ये महाराष्ट्रातील आशांना आपल्या मागण्यांसाठी संपावर जावे लागले. फवारणीचे काम करणारे हात तर नावानेच ‘हंगामी’ आहेत. डास बारमाही आणि त्याच्याशी लढणारा माणूस हंगामी, अशी ही व्यवस्था आहे.

सार्वजनिक कामाने मोकळ्या सोडलेल्या जागेत बाजार शिरतो. कॉइल, द्रवाच्या बाटल्या, अगरबत्त्या, फवारे यांची विक्री खेड्यातील पानठेल्यापर्यंत पोचली आहे. मजुराच्या घरातून दर रात्री या धंद्याला एक कर भरला जातो, आणि हा कर गरिबाला श्रीमंतापेक्षा अधिक पडतो, कारण नाली त्याच्या दारात असते. शिवाय त्या कराच्या बदल्यात मिळते काय? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरातील सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरले. चुलीच्या धुराने आधीच करपलेल्या फुप्फुसांवर हा आणखी एक थर. सत्ताधाऱ्यांची आवडती वस्तू म्हणजे धूर फवारणीचे यंत्र. ते आवाज करते, ढग सोडते, वृत्तपत्रांत छायाचित्र येते. त्याने उडते डास काही काळापुरते मरतात. नालीतल्या अळ्यांना त्याची वार्ताही नसते, आणि आठवड्याभरात नवी फौज हजर होते. साथीच्या ऐन भरात या धुराचा थोडाफार उपयोग असतो. एरवी तो आरोग्य खात्याचा कमी आणि जनसंपर्क खात्याचा अधिक असतो.

दुसरी वाट अस्तित्वात नाही असे कोणी म्हणू नये. पुद्दुचेरीत वाहकनियंत्रण संशोधन केंद्राने १९८१ ते १९८५ या काळात केवळ विषावर विसंबून न राहता गटारे वाहती करणे, खड्डे बुजवणे, विहिरी व टाक्या बंदिस्त करणे, गप्पी मासे सोडणे यांवर भर दिला आणि क्युलेक्सची पैदास व रोगाचा प्रसार दोन्ही खाली आणून दाखवले. झांझिबार बेटावरील माकुंदुची या गावात १९८८ साली संडासाच्या खड्ड्यांतील पाण्यावर थर्मोकोलच्या बारीक मण्यांचा थर पसरला गेला आणि लोकांना औषध दिले गेले. डासांना अंडी घालावयास पृष्ठभागच उरला नाही आणि माणसाला वर्षाला होणारे दंश हजारोंवरून शेकड्यांवर आले. शेजारच्या श्रीलंकेने हत्तीरोग ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाणपत्र २०१६ साली मिळवले. आणि परदेशाचे दाखले नकोत असे ज्यांना वाटते त्यांनी नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यातले टेंभुर्णी पाहावे. त्या गावाने घराघराच्या सांडपाण्यासाठी शोषखड्डे घेतले. खड्ड्यात भोके पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड, वर झाकण, एवढीच ती रचना. उघडी नाली उरली नाही आणि डासही उरले नाहीत. या कामाला पुढे ‘नांदेड पॅटर्न’ हे नाव मिळाले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की टेंभुर्णीत हे एका घराने केले नाही. एका घराने केले असते तर काहीच झाले नसते.

घरातील उपद्रवाचा दोष घरातल्या माणसावर टाकण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि पुण्यात गोरे शिपाई घराघरात शिरून सामान रस्त्यावर फेकू लागले. रोग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो हे तेव्हा राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हते. पॉल-लुई सिमों यांनी ते १८९८ मध्ये कराचीत दाखवले. पण उंदीर दाट, काळोख्या, ओल्या चाळींत वाढतात हे दिसत होते. त्यावर मुंबई इम्प्रुव्हमेंट ट्रस्टने चाळी पाडल्या आणि पाडल्या त्या प्रमाणात बांधल्या नाहीत. उठवलेले मजूर शेजारच्या चाळीत अधिक दाटीने राहू लागले. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. एकीकडे रोग्याच्या घरावर धाड, दुसरीकडे रोग्याला पाठीवर घेणारी शुश्रूषा. सार्वजनिक आरोग्याचे हे दोन मार्ग तेव्हापासून समोर आहेत.

उंदराचा प्रश्न भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात प्लेगवर थांबत नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात लोक घरे सोडून बाहेर राहिले, घरात साठवलेल्या धान्यावर उंदीर माजले, आणि १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठींचा प्लेग दिसला, अशी संगती लावली गेली. धान्य आणि उंदीर यांचे नाते असे घट्ट आहे. भंडाऱ्यातील लहान शेतकऱ्याचे घर हेच त्याचे कोठार असते. एका कोपऱ्यात धानाची ढोली, मागे तणसाचा ढीग, मातीच्या भिंतीत बिळे. ढोली जमिनीपासून हात-दीड हात उंच फळीवर ठेवणे, भिंतीपासून अंतर सोडणे, बिळे काचेचे तुकडे व सिमेंट घालून बुजवणे, तणस घरापासून दूर रचणे, हे उपाय सर्वांना ठाऊक आहेत आणि ते करणे शक्य तेथे केलेच पाहिजेत. पण एका खोलीत माणसे, धान आणि शेळी असतील तर अंतर सोडावे कोठून? म्हणून मग विष आणले जाते. धानात ठेवण्याच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून दमट हवेत प्राणघातक वायू सुटतो. त्या बंद घरात वापरावयाच्या नाहीत आणि सर्वसामान्य ग्राहकाला विकावयाच्याही नाहीत, असा नियम आहे. नियम कागदावर आणि गोळ्या दुकानात.

उंदरांमागून साप येतो. मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते आणि चावते. दंश इतका हलका असतो की कित्येकदा माणूस जागाही होत नाही, आणि पहाटे पापण्या मिटू लागतात, श्वास अडतो. खाट आणि खाटेभोवती चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी एवढ्याने मण्यार दूर राहते. एकच वस्तू हत्तीरोग, मलेरिया व सर्पदंश या तिघांना अडवते. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे मेली असा अंदाज आहे. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात अनुदान योजनेतून सर्पदंशाने मृत्यू झाल्यास कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात, पण ते सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार व त्याच्या कुटुंबातील एक व्यक्ती यांच्यासाठी. दुसऱ्याच्या बांधीत राबून स्वतःच्या खोपटात जमिनीवर झोपणाऱ्या भूमिहीनाला साप चावला तर त्याच्या विधवेसाठी या योजनेत रकाना नाही. सापाने मात्र सातबारा मागितलेला नसतो.

या सर्वांत डाव्या चळवळीचाही थोडा हिशेब झाला पाहिजे. धानाच्या बोनससाठी, खरेदी केंद्रांसाठी, प्रकल्पग्रस्तांच्या मोबदल्यासाठी भंडाऱ्यात मोर्चे निघाले आणि ते निघणे योग्यच होते. नालीसाठी मोर्चा निघाल्याचे सहसा ऐकू येत नाही. नाली हा सरपंचाचा, फार तर महिला मंडळाचा विषय, अशी एक पुरुषी तुच्छता कार्यकर्त्यांच्याही मनात असते. घर झाडणारी, पाणी भरणारी, आजाऱ्याच्या उशाशी जागणारी बाई या प्रश्नाची खरी जाणकार आहे आणि सभेत तीच मागच्या रांगेत बसलेली असते. पैशाचे कारणही पुढे करता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून दिलेली होती. त्या रकमेतून किती हात नाली झाली, किती शोषखड्डे झाले, किती नळ्यांवर जाळ्या बसल्या, आणि किती पैसा प्रवेशद्वारांच्या कमानींवर व रंगीत फरशांवर गेला, हे ग्रामसभेत विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे.

ग्रामसभा वर्षातून ठरलेल्या चार दिवशी भरते: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. १ मे हा कामगारांचाही दिवस आहे आणि त्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाला पावसाआधी महिनाभराचा अवधी असतो. तेवढ्यात नाली उपसून होते, शोषखड्डे खणून होतात. तोच प्रश्न १५ ऑगस्टला विचारला तर बांधीतली रोवणी उरकत आलेली असते, नाल्या तुंबलेल्या असतात, आणि भेगाळलेले पाय दीड महिना चिखलात उभे राहून झालेले असतात.